संशोधनपत्र आणि लोकप्रिय मासिक

आमच्या भाईंदरची खाडी ओलांडली कीं वसई. त्यामुळें चिमाजी आप्पांच्या मोहिमेविषयीं कांहीं छापून आलें कीं तें आमच्या हातीं पडतेंच. अलीकडे एका लोकप्रिय मासिकांतील लेख एका संग्राहक स्नेह्यांनीं आणून दाखविला. चित्रें सुबक, भाषा ओघवती. त्यांत ‘सुहूर सन ११३९ म्हणजे इ. स. १७३८’ असें एक वाक्य होतें. त्यावर विसंबून स्नेह्यांनीं आपल्या संग्रहांतील एका मोडी पत्राच्या वेष्टनावर शाईनें १७३८ लिहून टाकलें होतें.

पत्रावर वैशाख शुद्ध पक्ष व ‘तिसा सलासीन मया व अलफ’, म्हणजे ११३९, असा सन आहे. सुहूर सन मृगापासून सुरू होतो. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर त्यांत ५९९ व जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात. वैशाख शुद्ध पक्ष मृगापूर्वींचा. तेव्हां पत्राचें वर्ष १७३९ ठरतें. वसई पडली ती त्याच वर्षाच्या मे महिन्यांत. ऐन विजयकाळचें पत्र एका वाक्यानें वर्षभर मागें गेलें!

चूक कोणाचीही होते. आमचीही झाली आहे. आमचा आक्षेप चुकीवर नाहीं. लेखांत मूळ मिति नाहीं, गणनेची रीति नाहीं, कागद कोठें आहे हेंही नाहीं. मग वाचकानें ती चूक दुरुस्त करावी कशी? संशोधनपत्र व लोकप्रिय मासिक यांतील खरा भेद हाच होय. पहिलें वाचकास आपल्याविरुद्ध पुरावा देतें. दुसरें केवळ विश्वास मागतें.

हा भेद नांवावरून किंवा प्रकाशनाच्या कालावधीवरून ठरत नाहीं. मोडक व साने यांचा १८७८ सालीं निघालेला ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिकच होता. परंतु त्यानें बखरी व पत्रें छापून मूळ साधनेंच वाचकापुढें ठेविलीं. १८६७ च्या ‘विविधज्ञानविस्तारां’त कादंबरी व विद्वत्ताप्रचुर निबंध शेजारीं नांदत. उलट, तळटीपांची गर्दी केल्यानेंही लेख संशोधनात्मक होत नाहीं. टीप मूळ कागदापर्यंत पोंचविते कीं नाहीं, एवढेंच पाहावें.

लोकप्रिय मासिकांचा आम्हांस तिटकारा नाहीं. इतिहासाची गोडी बहुतेकांस तेथेंच लागते. मात्र गोडी लागणें निराळें आणि मिति ठरविणें निराळें.

संग्राहकांस एकच विनंति : वेष्टनावर प्रथम पत्रांतील मूळ मिति जशीच्या तशी लिहावी, इसवी सन तिच्याखालीं, आणि तोही शिसपेन्सिलीनें.