एका मार्काची मुक्ता

मुक्ता साळवे सध्या एका मार्काला येते. ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध कोणी लिहिला, खाली चार पर्याय, एक गोल काळा करा. माझा मामेभाऊ तीन वर्षं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतोय. वर्ष १८५५, नियतकालिक ज्ञानोदय, लेखिकेचं वय चौदा, शाळा जोतीराव-सावित्रीबाईंची, हे सगळं तो झोपेतून उठवलं तरी सांगेल. निबंधात आहे काय, असं विचारलं तर म्हणाला, “दुःखाविषयी आहे ना. नावातच दिलंय.”

त्याची चेष्टा करायची नाहीये. त्याला जेवढं विचारणार आहेत तेवढं तो शिकलाय. इंजिनिअरिंगला आम्हीही मागच्या पाच वर्षांचे पेपर पुढ्यात ठेवूनच शिकायचो. पण या निबंधाच्या बाबतीत हे जरा जास्तच विचित्र आहे. कारण ‘माहीत असणं’ म्हणजे काय, काय माहीत असायची परवानगी कोणाला असते, आणि माहीत झाल्यावर माणूस त्याचं करतो काय, हाच या निबंधाचा विषय आहे. त्या मुलीचं नाव, वय आणि सन पाठ करून निबंध न वाचणं म्हणजे औषधाच्या बाटलीवरचं लेबल पाठ करण्यासारखं आहे.

आमच्या घरात अण्णाभाऊंचा फोटो होता, शेजारी लहुजी वस्तादांचा. एक ऑगस्टला जयंतीची भाषणं ऐकतच मी मोठी झाले. मुक्ताचं नाव भाषणात यायचं, यादीत, दोन मोठ्या नावांच्या मध्ये. आणि एक किस्सा यायचा: शाळेत आलेल्या गोऱ्या साहेबाला ती म्हणाली, आम्हाला खाऊ नको, ग्रंथालय द्या. किस्सा गोड आहे. तो आता इन्स्टाग्रामवर कार्ड होऊन फिरतो. पण त्याच्यामुळे ती कायमची एक हुशार, गुणी, साहेबासमोर उभी राहिलेली मुलगी होऊन बसते. निबंधातली मुलगी गुणी बिणी अजिबात नाही. ती भांडते.

निबंध छोटा आहे. ज्ञानोदयच्या दोन अंकांत, १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ ला, तो छापून आला. फोनवर दहा-पंधरा मिनिटांत वाचून होतो. भाषा जुनी आहे, वाक्यं लांब आहेत, पण अडत नाही. लिहिणारी तीन वर्षं शाळेत गेलेली आहे.

सुरुवातच बघा. नावात ‘दुःख’ असल्यामुळे आपण रडण्याची तयारी करून बसतो आणि समोर येतो तो चक्क युक्तिवाद. ब्राह्मण म्हणतात वेद आमचेच, इतरांनी ते बघायचेही नाहीत. ठीक आहे, मुक्ता म्हणते, मानलं. मग याचा अर्थ आमच्याकडे धर्मपुस्तक नाही. मुसलमानांकडे कुराण आहे, इंग्रजांकडे बायबल आहे, त्यांचा धर्म खरा असो की खोटा, त्यांना निदान चालायला काहीतरी आहे. आम्हाला वेद बघायचीही मुभा नसेल तर आम्ही धर्मच नसलेले ठरलो. मग ती देवाला विचारते की आमचा धर्म कोणता ते तूच सांग, आणि लगेच पुढे म्हणते की ज्यात एकाने उपभोगायचं आणि बाकीच्यांनी तोंडाकडे बघत बसायचं असा धर्म पृथ्वीवरून नाहीसा होवो.

गणितात एक रीत असते. समोरच्याचं विधान खोटं आहे असं सुरुवातीला म्हणायचंच नाही. ते खरं धरायचं आणि त्याचा हात धरून चालत जायचं, जिथे तो स्वतःच खड्ड्यात पडतो तिथपर्यंत. मुक्ता नेमकं हेच करते. वेदांत काय लिहिलंय यावर ती वाद घालूच शकत नाही, तिला ते बघायला मिळालेले नाहीत. पण ‘बघायला मिळालेले नाहीत’ ही गोष्ट तिला पक्की माहीत आहे, आणि तेवढ्या एका माहितीवर ती सगळा डोलारा उभा करते. हाताशी माहिती फार थोडी, पण तिच्यातला थेंब न् थेंब पिळून काढलेला. एवढं कसब मी भल्या भल्या वक्त्यांमध्ये पाहिलेलं नाही.

काही जणांना शंका येते की चौदा वर्षांच्या मुलीने हे लिहिलं असेल का. मास्तरांनी लिहून दिलं असेल, मिशनऱ्यांनी हात फिरवला असेल. अंक अमेरिकन मिशनचा होता हे खरंच आहे आणि संपादकाचा हात प्रत्येक लेखावरून फिरतो. पण ज्ञानेश्वर सोळा वर्षांचे नसतानाच ज्ञानेश्वरी सांगून झाली होती असं आपण शाळेत शिकतो, आणि तेव्हा वर्गात कोणी हात वर करत नाही. वयाचा प्रश्न कोणाच्या बाबतीत आठवतो आणि कोणाच्या बाबतीत आठवत नाही, एवढं लक्षात ठेवून पुढे जाऊ.

पुढचा भाग अवघड आहे. वाड्यांच्या पायात मांग-महारांना तेल-शेंदूर पाजून पुरायचे, असं ती सांगते. बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यापुढून कोणी मांग किंवा महार गेला तर त्याचं डोकं उडवून गुलटेकडीच्या मैदानावर तलवारीचा दांडू आणि डोक्याचा चेंडू करून खेळायचे, असं सांगते. आज गुलटेकडी म्हणजे मार्केट यार्ड, कांदे-बटाट्यांचे ट्रक. डिलिव्हरीच्या पत्त्यात आपण ते नाव रोज टाइप करतो.

इथे हल्लीचा वाचक विचारतो, पुरावा काय? प्रश्न रास्त आहे. पेशवाई १८१८ ला गेली आणि निबंध आला १८५५ ला, म्हणजे मधे ३७ वर्षं. मुक्ताने यातलं काही पाहिलेलं असणं शक्य नाही. तिच्या वस्तीतल्या पन्नाशी-साठीच्या माणसांनी मात्र पेशवाई पाहिलेली होती. म्हणजे ही ऐकलेली माहिती आहे आणि तिने ती तशीच, घडलेली गोष्ट म्हणून मांडली आहे. शाळेच्या कुठल्याही पुस्तकात ती नव्हती. शाळेत ती अक्षरं शिकली आणि त्या अक्षरांनी तिने घरचं लिहिलं.

आणि लेखी पुरावा कोणाकडे असणार होता? पुण्यात पेशवे दप्तर आहे, मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. ते कागद लिहिणारे कारकून कोण होते, याचं उत्तर निबंधातच आहे. ती म्हणते, कोणा मांग-महाराला कसंबसं वाचता येऊ लागलं आणि ते बाजीरावाच्या कानावर गेलं, तर तो संतापायचा की यांना दप्तराची कामं दिली तर ब्राह्मणांनी काय हजामाची धोकटी काखेत मारून विधवांच्या हजामती करत फिरायचं? आणि त्या माणसाला शिक्षा व्हायची.

ही जागा मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुन्हा मागे जाऊन वाचली. यात विटाळ नाही, पाप-पुण्य नाही, वेदाचा अधिकार नाही. यात नोकऱ्या आहेत. तुम्ही वाचायला शिकलात तर आमच्या जागा जातील. आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाची प्रवेशयादी नोटीस बोर्डावर लागली तेव्हा नावापुढे कॅटेगरी छापलेली होती. त्या आठवड्यात होस्टेलच्या जिन्यात जे ऐकलं, ते याच वाक्याचं इंग्रजी मिसळलेलं भाषांतर होतं. बोलणारी मुलं मार्कांनी हुशार होती. त्यांना सगळे कटऑफ दशांशापर्यंत पाठ होते.

निबंधाचा मधला तुकडा मला सगळ्यांत जवळचा वाटतो, आणि तो कार्डांवर फारसा दिसत नाही. तिथे ती पंडितांना सांगते की तुमच्या स्वार्थी ज्ञानाच्या पोथ्या गुंडाळून ठेवा आणि मी काय सांगते ते ऐका. मग एकदम बाळंतपणावर येते. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसतं. पावसात, थंडीत त्यांचं काय होत असेल, ते तुमच्या घरच्या बायकांच्या अनुभवावरून ओळखा. बाळंतरोग झाला तर वैद्याला आणि औषधाला पैसा कुठून आणायचा? फुकट औषध देईल असा एक तरी वैद्य तुमच्यात होता का?

पोथीच्या समोर चौदा वर्षांची मुलगी बाळंतपण ठेवते. १८५५ मध्ये, छापील, स्वतःच्या नावाने. पंडितांना ठाऊक नसलेलं असं काहीच ती सांगत नाही. त्यांच्याही घरात बाळंतपणं होत होती. जे त्यांना माहीत आहे आणि ज्याच्याशी त्यांनी कधी गाठ पडू दिलेली नाही, ते ती त्यांच्याच माजघरातून उचलून त्यांच्यापुढे ठेवते. याच्यानंतर दगड खाणाऱ्या पोरांचा प्रसंग येतो. ब्राह्मणांच्या मुलांनी दगड मारून डोकं फोडलं तरी मांग-महारांची मुलं तक्रार करत नाहीत, कारण उष्टं मागायला त्याच दारात जायचं असतं. इथे ती म्हणते की अजून लिहिलं तर रडू येईल. अख्ख्या निबंधात रडण्याचा उल्लेख असा एवढ्या उशिरा येतो, तोही थांबण्यासाठी.

त्यानंतरचा इंग्रज सरकारच्या स्तुतीचा भाग मला निबंधातला सगळ्यांत शाळकरी भाग वाटतो. पूर्वी असं होतं, आता तसं आहे, अशी मांडणी. त्यावरून आजही दोन्ही बाजूंनी बरंच बोललं जातं, त्यात मी पडत नाही. फक्त तिने फायद्यात काय मोजलंय ते पाहा. दोनच वर्षांपूर्वी, १८५३ ला, बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली होती. साहेबाच्या राज्याचं कौतुक करणाऱ्याला तो विषय आयताच होता. मुक्ताच्या यादीत आहे ते असं: आता आम्ही बाजारात फिरू शकतो. पैसे असले तर चांगलं कापड घेऊन अंगावर घालू शकतो, ते चोरीचं आहे म्हणून कोणी झाडाला बांधून मारत नाही. साहेबाला खूश करायला लिहिणाऱ्याची यादी अशी नसते.

आणि आता शेवट. ज्ञान हेच तुमच्या रोगावरचं औषध आहे, अभ्यास करा, म्हणजे तुमचा छळ थांबेल, असं ती आपल्या माणसांना कळवळून सांगते. हा भाग सगळीकडे आहे: कार्डांवर, भाषणांत, शाळांच्या भिंतींवर. बहुतेकजण इथे पूर्णविराम देतात, कारण इथे टाळ्या येतात. आमच्या जयंतीलाही इथेच यायच्या.

निबंध मात्र इथे संपत नाही. लगेच पुढे ती म्हणते, पण हेही मला सिद्ध करता येत नाही. चांगल्या शाळेत शिकलेले, स्वतःला सुधारलेले म्हणवणारे लोकही कधी कधी अंगावर काटा येईल अशी वाईट कामं करतात, मग तुम्ही तर मांग-महारच.

शाळेने तिला जे सगळ्यांत मोठं वाक्य दिलं असेल, शिका म्हणजे चांगले व्हाल, ते ती आधी मनापासून लिहिते आणि मग त्यालाच पुरावा मागते. वेदांवरच्या दाव्याला लावलेला नियम ती शाळेवरच्या दाव्यालाही लावते. हे वाक्य छापलं गेलं हे मिशनच्या पाक्षिकाला श्रेयस्कर आहे, आणि संपादकाने सगळं लिहून दिलं या शंकेलाही ते उत्तर आहे. मिशनरी संपादक शिक्षणाच्या आवाहनावर लेख संपवेल. त्याच्यापुढे असं काही जोडायला तो कशाला जाईल?

शेवटचे ते चार शब्द मात्र खुपतात. आपल्याच लोकांना ‘तुम्ही तर मांग-महारच’ असं का म्हणावं? एक वाचन सरळ आहे: शिकलेलेच घसरतात तर न शिकलेल्यांचं काय सांगावं, असा इशारा. ज्या समाजाला बाहेरच्यांनी हीन म्हटलं त्याचाच तो न्यूनगंड आहे, असं मानणारे वाचकही भेटतात. मला त्यात तिसरा आवाज ऐकू येतो. तीन वर्षं तिने शाळेच्या रस्त्यावर काय काय ऐकलं असेल ते आठवा. “शिकून काय होणार, शेवटी तुम्ही मांग-महारच.” तेच वाक्य ती उचलते आणि शिकल्या-सवरलेल्यांच्या दुष्कृत्यांच्या शेजारी नेऊन ठेवते. तिथे ठेवल्यावर ते नेमकं कोणाला लागतं, हे मोठ्याने वाचून पाहण्यासारखं आहे. मी मामेभावाला पीडीएफ पाठवली आहे. परीक्षा झाल्यावर वाचतो म्हणालाय.