पुढचं पुस्तक कोणतं?

नेरसारख्या गावात पेटीवर मुलाचा हात तयार झाला की पालक विचारतात, "आता अवघड काय द्यायचं?" अवघड म्हणजे जलद, असं आपण धरूनच चालतो. आणि मग चार बक्षिसं मिळाली की पेटी कपाटावर जाते, हे आम्ही पाहिलंय.

बाखनं १७२३ साली शिकणाऱ्यांसाठी 'इन्व्हेन्शन्स' सिद्ध केल्या. त्यांच्या मुखपृष्ठावर वेगाचा उल्लेख नाही. दोन ओळी स्वच्छ वाजाव्यात, वादन गातं व्हावं, ही मागणी आहे. हीच कसोटी भातखंड्यांच्या 'क्रमिक पुस्तक मालिके'ला लावून बघा. मींड दाखवायला तिथे स्वरांवर कमान असते. पेटीच्या पट्ट्यांवर ती कमान वाजतच नाही! म्हणजे छापलेलं स्वरलेखन हा सांगाडा झाला. मालिकेचं मोल मोठं आहे, पण ही तिची मर्यादा आपण मुलांना सांगतच नाही.

म्हणून आमचं म्हणणं असं, की सहाव्या भागाकडे धावू नका. दुसऱ्या भागातला यमनच परत काढा. बंदिश आधी गाऊ द्या, मग वाजवू द्या. कमान कुठे राहून गेली, ते त्याचं त्यालाच ऐकू येईल. तिथून पुढचं पुस्तक तो स्वतः मागेल.