छप्पर, कठडा आणि दानाच्या पायऱ्या

अमेरिकेतील वॉशिंग्टनच्या परिसरात अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांची घरे दुरुस्त करणाऱ्या 'याखद', म्हणजे हिब्रूत 'एकत्र', या यहुदी संस्थेने 'सुक्कोत इन एप्रिल' या नावाने वार्षिक उपक्रम चालविला. हे नाव प्रथमदर्शनी विसंगत वाटते, कारण सुक्कोत, म्हणजेच मांडवांचा सण, शरद ऋतूत येतो. टेक्सासमधील मिडलंड येथे १९७३ साली सुरू झालेल्या आणि २००० साली 'रीबिल्डिंग टुगेदर' असे नामांतर झालेल्या 'ख्रिसमस इन एप्रिल' या चळवळीच्या नावाचा तो प्रतिध्वनी होय. परंतु अनुकरणातून आलेले हे नाव मूळ नावाहून अधिक अर्थवाही ठरले आहे. नाताळचा घराच्या डागडुजीशी संबंध केवळ औपचारिक. मांडवांच्या सणाचा छपराशी असलेला संबंध मात्र साक्षात आहे.

या सणात सात दिवस पानाफांद्यांनी शाकारलेल्या तात्पुरत्या मांडवात राहावयाचे असते. त्याच्या छपरातून रात्री तारे दिसावेत, असा संकेत आहे. पाऊस आल्यास मांडव केव्हा सोडावा, असा प्रश्न इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या 'मिश्ना' या धर्मसंहितेत उपस्थित केला आहे, आणि भांड्यातील पेज बिघडू लागली की सोडावा, असे त्याचे मोठे घरगुती उत्तर दिले आहे. या सवलतीच्या मुळाशी एक गृहीत आहे: मांडवाच्या पाठीमागे पक्के घर उभे आहे. ज्याचे नित्याचे घरच गळते, त्याने पावसात कोठे जावे?

दानविषयक प्रकरणात मिश्ना या प्रश्नाच्या अगदी जवळ येते. दोनशे झूझ ज्याच्यापाशी आहेत त्याने दान घेऊ नये, अशी मर्यादा घालून लगेच ती सांगते की, याचकास आपले घर व वापरातील भांडीकुंडी विकावयास भाग पाडू नये. म्हणजे घर ही दारिद्र्याच्या मोजणीत धरावयाची संपत्ती नव्हे. स्वतःचे घर असलेला मनुष्य गरीब कसा, या लौकिक शंकेला दिलेले हे फार जुने उत्तर आहे. घर नावावर आहे, पण छप्पर बदलण्यास किंवा जीर्ण विजेच्या तारा काढण्यास पैसा नाही, अशा वृद्धास लोक गरीब म्हणत नाहीत आणि सावकार उभा करीत नाही. गृहदुरुस्तीच्या धर्मादायाचे खरे क्षेत्र हेच.

तथापि या कार्याचे मूल्यमापन मैमोनिडिझच्या कसोटीवर केले असता एक अडचण उभी राहते. बाराव्या शतकातील या तत्त्वज्ञाने दानाच्या आठ पायऱ्या कल्पिल्या. त्यांत देणारा व घेणारा परस्परांस अज्ञात राहतात, त्या दानास त्याने वरून दुसरे स्थान दिले. गृहदुरुस्तीत हे अज्ञातपण सर्वस्वी अशक्य आहे. दाता येथे शिडी व रंगाचे डबे घेऊन थेट न्हाणीघरापर्यंत येतो. झाकून ठेवलेले दारिद्र्य त्याला भिंतीच्या ओलीसकट दिसते. पैशाच्या पाकिटाने जी लाज राखली जाते, ती येथे राखली जात नाही. मग या दानाची पायरी खालची मानावयाची काय?

तसे मानणे सयुक्तिक नाही. मैमोनिडिझची सर्वोच्च पायरी अज्ञातपणाची नाहीच. घसरणाऱ्या मनुष्यास देणगी, कर्ज, भागीदारी अथवा काम देऊन तो याचक होण्यापूर्वीच सावरणे, ती ही पायरी. 'सिफ्रा' या प्राचीन भाष्यात याच अर्थाचा दृष्टान्त आहे: गाढवावरील ओझे कलू लागले असता एक मनुष्य ते सावरतो, पण खाली पडल्यावर पाच जणांनाही ते उचलत नाही. गळक्या छपरास हा दृष्टान्त शब्दशः लागू पडतो. वेळीच थांबविलेली गळती किरकोळ खर्चाची असते. वासे कुजल्यावर घर सोडण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

मात्र या पायरीवर हक्क सांगावयाचा तर काम त्या तोडीचे हवे. एका दिवसाच्या उत्सवी श्रमदानात हौशी स्वयंसेवकाच्या हाती बहुधा रंगाचा कुंचला येतो, आणि रंगविलेली भिंत छायाचित्रात शोभून दिसते. ओझे सावरणारे काम सुतार, नळकारागीर व वीजतंत्री यांचे असते. अशा उपक्रमांचे मोल ठरविताना कोणत्या कामावर किती श्रम पडले, हे पाहिले पाहिजे. घरमालकाला काय हवे हे त्याला प्रथम विचारले गेले की नाही, हेही तितकेच महत्त्वाचे. भागीदारीचा उल्लेख मैमोनिडिझने उगाच केलेला नाही.

बायबलातील 'अनुवाद' या ग्रंथाच्या २२ व्या अध्यायात, नवे घर बांधशील तर धाब्याला कठडा कर, कोणी पडला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, या आशयाची आज्ञा आहे. ती घर बांधणाऱ्यास उद्देशून आहे. ज्याला कठडा करवून घेणे परवडत नाही, त्याच्याविषयी तेथे अक्षर नाही. म्हाताऱ्याच्या जिन्याला आधाराचा दांडा बसविणारा शेजारी त्या मोकळ्या जागेत उभा आहे.