‘टिपणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ : जलपृष्ठावरून घेतलेल्या निसर्गछायाचित्रांचा विचार

१

मराठीत छायाचित्र ‘काढतात’, ‘घेतात’ आणि अलीकडे विशेषेकरून ‘टिपतात’. पक्षी व वन्य प्राणी यांच्या छायाचित्रांसंबंधीच्या लेखनात हे तिसरे क्रियापद इतके रुळले आहे की, त्याच्या अर्थच्छटांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पाखरू दाणे टिपते, टीपकागद शाई टिपतो, नेमबाज सावज टिपतो आणि विद्यार्थी व्याख्यानातील मुद्दे टिपून घेतो. यांपैकी शेवटच्या दोन प्रयोगांतील अंतर येथे महत्त्वाचे आहे. नेमबाज आपले लक्ष्य त्याच्या परिसरातून वेगळे काढतो. टिपण करणारा मात्र वस्तूची तिच्या स्थलकालासह नोंद करून ठेवतो. शहापूर व मुरबाड या तालुक्यांतील जलाशयांची आणि पाणपक्ष्यांची जी छायाचित्रे वृत्तपत्रांतून, दिनदर्शिकांतून व प्रदर्शनांतून पाहावयास मिळतात, त्यांपैकी बरीचशी पहिल्या अर्थाने टिपलेली असतात, दुसऱ्या अर्थाने नसतात. हा दोष कॅमेऱ्याचा नाही. तो मुख्यतः चित्राखालच्या ओळीचा, म्हणजे भाषेचा आहे.

२

होडीतून छायाचित्र घेण्याच्या प्रथेचा शिकारीशी असलेला संबंध केवळ अलंकारिक नाही. आज क्रीडासाधन म्हणून ओळखली जाणारी ‘कयाक’ ही मुळात उत्तर ध्रुवाजवळच्या इनुइट लोकांची, कातड्याने मढविलेली, आवाज न करता सीलजवळ नेता येणारी शिकारी होडी. तिचे नावही त्यांच्याच भाषेतून जगभर गेले. अमेरिकेत जॉर्ज शिरास या मूळच्या शिकाऱ्याने ओजिब्वा लोकांची एक रीत उचलली. होडीच्या नाळेवर उजेड ठेवून रात्री काठावरच्या हरणाला खिळवून ठेवावयाचे, ही ती रीत. शिरासने बंदुकीच्या जागी कॅमेरा आणला. त्याची ७४ छायाचित्रे ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या जुलै १९०६ च्या अंकात प्रसिद्ध झाली. साधन बदलले, पण दबा धरण्याची रीत तीच राहिली.

याच काळात दुसरी परंपराही आकार घेत होती. इंग्लंडमधील नॉरफोकच्या पाणथळ प्रदेशात एमा टर्नर ही पक्षिनिरीक्षक घरनावेत राहून छायाचित्रे घेत असे. १९११ साली तिने बिटर्न या बगळ्याच्या कुळातील पक्ष्याच्या पिल्लाचे छायाचित्र घेतले. ब्रिटनमधून वीण थांबलेला हा पक्षी तेथे पुन्हा वीण करू लागल्याचा तो पुरावा ठरला. चित्राला हे मूल्य आले ते स्थळ आणि वर्ष यांची नोंद त्याच्याबरोबर असल्यामुळे. टर्नरबाईंची कृती ही खऱ्या अर्थाने टिपण होय.

३

जलपृष्ठावरील दृष्टिकोनाचे काही गुण निर्विवाद आहेत. होडीत बसलेल्याचा डोळा पाण्यापासून फार तर हात-दोन हात उंच असतो. त्यामुळे पक्षी वरून न दिसता समोरासमोर दिसतो. पार्श्वभूमी दूर गेल्याने धूसर होते व आकृती उठून दिसते. प्रतिबिंब चित्राचा अर्धा भाग व्यापते. काठावरून चालत येणाऱ्या माणसाला पाहून जो पक्षी उडतो, तोच संथ होडीला पुष्कळदा जवळ येऊ देतो.

परंतु याच गुणांमुळे काही गोष्टी चित्रातून निसटतात. खालून पाहिले असता काठामागचा प्रदेश दिसत नाही. लांब पल्ल्याचे भिंग अंतर मिटवून टाकते. धूसर झालेल्या पार्श्वभूमीत धरणाची भिंतही विरून जाते. शहापूर-मुरबाडच्या बाबतीत हे निसटणे क्षुल्लक मानता येत नाही. तानसा धरण १८९२ साली पुरे झाले. वैतरणेवरील मोडकसागर १९५७ सालचा. मुंबईच्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे एकट्या भातशातून जाते. बारवी धरणाची उंची वाढविताना मुरबाड तालुक्यातील गावांचे पुनर्वसन करावे लागले. ज्या पाण्याला चित्राखालची ओळ ‘निसर्गाचे अस्पर्शित रूप’ म्हणते, ते माणसाने अडविलेले पाणी आहे. पाण्यातून वर आलेल्या वठलेल्या खोडावर पंख पसरून बसलेला पाणकावळा हा अशा चित्रांचा आवडता विषय. ते खोड बहुधा बुडालेल्या रानातले असते. चित्र ते दाखविते; ओळ मात्र त्याविषयी काही बोलत नाही.

ऋतूची निवडही लक्षात घेण्याजोगी आहे. भाद्रपद-आश्विनात तुडुंब भरलेल्या जलाशयाची चित्रे विपुल. चैत्र-वैशाखात पाणी उतरल्यावर काठाभोवती उघडा पडणारा मातीचा रुंद पट्टा क्वचितच दिसतो. त्याच दिवसांत शहापूर तालुक्यातील अनेक पाड्यांना टँकरने पाणी पुरवावे लागते.

४

आता ओळीच्या भाषेकडे वळू. तिच्यातील स्थलनिर्देश पुष्कळदा सैल असतो. ‘माळशेज घाटातील रोहित’ हा शब्दप्रयोग परिचित आहे. परंतु मुरबाडकडून चढणाऱ्या त्या उभ्या घाटात रोहित उतरण्याजोगे उथळ पाणी नाही. ते पाणी घाटमाथ्यापलीकडे, जुन्नर तालुक्यातील पिंपळगाव जोगे येथील जलाशयात आहे. एका ढिल्या सप्तमीने पक्ष्याचा जिल्हा बदलतो. तशीच गत ‘त्रिभुज प्रदेश’ या पाठ्यपुस्तकी संज्ञेची. काळू व भातसा यांचे पाणी उल्हासेस मिळते आणि ठाण्याजवळ ते दुभंगून वसई व ठाणे या दोन खाड्यांकडे जाते. फाटा फुटला म्हणून हा त्रिभुज प्रदेश ठरत नाही. कोकणी माणूस त्याला ‘खाडी’ म्हणतो, आणि तोच शब्द अचूक आहे. ठाणे खाडीतील रोहित अभयारण्य २०१५ साली घोषित झाले. ऐरोलीहून तेथे जाणाऱ्या होड्या भरती-ओहोटी पाहूनच सुटतात. या खाडीतील छायाचित्राखाली भरती-ओहोटीची वेळ नोंदविली, तर पक्षी त्या क्षणी तेथे का होते याचा बराचसा उलगडा होतो.

पक्ष्यांच्या नावांचा प्रश्न अधिक मार्मिक आहे. ‘हळदीकुंकू बदक’ हे नाव चोचीचे पिवळे टोक आणि तिच्या मुळाशी असलेले तांबडे ठिपके पाहिल्यावाचून कोणाला सुचणार नाही. जवळून आणि आपल्या घरातील डोळ्यांनी केलेले ते निरीक्षण आहे. ‘वंचक’ या नावात तर काळही सामावला आहे. हा बगळा बसलेला असता मातकट, चिखलात न दिसणारा. उडताच पांढऱ्या पंखांनी झळाळतो. छायाचित्र या दोन अवस्थांपैकी एकच दाखवू शकते, नाव दोन्ही सांगते. अशी नावे उपलब्ध असता ‘एक सुंदर पाहुणा’ असे लिहिणे म्हणजे भाषेची संपत्ती असून दारिद्र्य पत्करणे होय.

५

यावर आक्षेप असा येईल की, चित्राने स्वतः बोलावे. सौंदर्य हेच त्याचे पुरेसे प्रयोजन आहे. शिवाय, स्थळ उघड केल्याने दुर्मिळ पक्ष्यांस उपद्रव होतो. पहिल्या आक्षेपास उत्तर असे की, ही चित्रे मुकी नसतातच. त्यांखाली ओळ असते आणि ती ‘अस्पर्शित’, ‘स्वर्गीय’ अशी विधाने करते. विधान केले की ते खरे की खोटे हा प्रश्न उपस्थित होतो. दुसरा आक्षेप मात्र ग्राह्य आहे. १८७३ साली शास्त्रीय वर्णन झालेला आणि पुढे नामशेष समजला गेलेला रानपिंगळा १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला. २०१४ साली त्याची तानसा अभयारण्यातही नोंद झाली. त्याचे घरटे कोणत्या झाडावर आहे हे सांगणे अपराध ठरेल. पण सातपुड्यापासून इतक्या दक्षिणेस तो तानसाच्या रानात आढळला, हे न सांगितले असते तर त्या दर्शनाला अर्थच उरला नसता. काय सांगावे व काय राखून ठेवावे, याचा विवेक हाही टिपणाचाच भाग आहे. तानसासारख्या जलाशयांवर जाण्यास असलेले निर्बंध पाळून चित्र घेतले की नाही, हेही त्यात आले.

६

सारांश, या चित्रांचे परीक्षण करताना प्रकाश, रचना आणि क्षण यांच्या जोडीला चित्राखालच्या ओळीचेही परीक्षण व्हावयास हवे. तिच्यात पक्ष्याचे नाव, जलाशयाचे नाव, मास आणि पाण्याची पातळी एवढे आले तरी चित्राची योग्यता वाढते. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे येथे एक काम उघडच पडून आहे. शहापूर-मुरबाडमधील ठाकूर, कातकरी व कोळी लोक याच पाण्यावर आणि याच काठांवर वावरत आले आहेत. या पक्ष्यांना, खोडांना व उतरत्या पाण्याच्या काठांना त्यांच्या बोलींत कोणते शब्द आहेत, हे छायाचित्रे त्यांच्यापुढे ठेवून विचारता येईल. असा संग्रह झाल्यास चित्राला ओळ मिळेल. आणि ज्यांच्या प्रदेशाचे ते चित्र आहे, त्यांचा शब्दही त्यात राहील.