नजर वर उचलणारी गाडी

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जायला दोन रस्ते आहेत. निवळीवरून जाणारा लांबचा आणि कामाचा. दुसरा शिरगाव, बसणी, आरे, वारे, नेवरे असा समुद्राला धरून जाणारा, सुमारे २५ किलोमीटरचा. हा दुसरा रस्ता मी बरीच वर्षं स्प्लेंडरवरून वाचला, आता हिमालयन ४५० या मोटरसायकलवरून वाचतो आहे. संहिता तीच आहे, अन्वय मात्र बदलला. हा बदल वेगामुळे झालेला नाही, कारण आरे-वारेच्या वळणांवर शहाणा माणूस वेग घेतच नाही. बदलली ती नजर टेकण्याची जागा.

स्प्लेंडरला नावं ठेवायची माझी प्राज्ञा नाही. १९९४ साली आलेली, ९७.२ सीसीची, जेमतेम आठ अश्वशक्तीची ही गाडी. टाकीवर तांदळाचं पोतं, हँडलला मासळीची पिशवी आणि मागे काकू, एवढा संसार घेऊन ती निम्मा जिल्हा हिंडली आहे. पण तिच्यावर बसलं की डोळे पुढच्या चाकासमोर १०-१५ फुटांवर खिळतात. खड्डा डोळ्यांनी आधी टिपला नाही, तर तो थेट मणक्यात उतरतो. त्यामुळे रस्ता शब्दाशब्दाने वाचावा लागतो: इथे खडी, इथे वाऱ्याने आलेली वाळू, इथे मोरीचा उंचवटा. समुद्र बघायचा तर गाडी थांबवून.

हिमालयनचं पुढचं चाक २१ इंची आणि सस्पेन्शनची चाल पुढेमागे २०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर. मोठं चाक खड्ड्याच्या तोंडात पडत नाही, त्याची कड ओलांडून जातं. जो धक्का उरतो तो ही वीत गिळते. जाहिरातीत हे सगळं ‘आराम’ या एका शब्दात उरकतात. मला ते अपुरं वाटतं. आराम पाठीला मिळतो हे खरं, पण मोकळीक डोळ्यांना मिळते. खड्ड्यांची राखण करायचं काम सुटलं की नजर आपोआप वर उठते आणि वळणाच्या पलीकडच्या टोकाशी जाऊन थांबते. दुचाकीचा स्वभाव असा की डोळे जिथे जातात तिथेच ती जाते. टोकाकडे बघत आतल्या बाजूचं हँडल हलकेच पुढे रेटलं की गाडी कलते, आणि एरवी तीन-चार तुकड्यांत तुटणारं वळण एका ओळीत वाचून होतं.

आऱ्याच्या पुलानंतरचा चढ हे या रस्त्याचं खरं सौंदर्यस्थळ. वर पोचल्यावर एका वळणाशी दोन्ही बाजूंच्या पुळणी एकदम डोळ्यांत येतात. सुनीतात आठव्या ओळीनंतर कलाटणी येते, तशी या रस्त्याची कलाटणी इथे. (मराठीत सुनीत आणणाऱ्या केशवसुतांचं मालगुंड याच वाटेवर, गणपतीपुळ्याच्या जरा पुढे आहे. योगायोग म्हणून सोडून द्यावा.) स्प्लेंडरवर हा चढ दुसऱ्या गिअरमध्ये, मूठ पूर्ण पिळून चढायचा. कानात इंजिनाची धाप, आणि कलाटणी येते तेव्हा लक्ष गाडीच्या जिवाकडे. हिमालयनचा टॉर्क ४० न्यूटन मीटर, स्प्लेंडरच्या सुमारे पाचपट. चढ तिसऱ्यातही निघतो आणि कलाटणीला डोळे मोकळे असतात.

पण कौतुकात एक खोट सांगितली पाहिजे. मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या खाली हे इंजिन मनापासून ओढत नाही. २०१६ ची जुनी ४११ सीसीची हिमालयन २४ अश्वशक्तीचीच होती, पण सावकाश, जड पावलांनी चढण्यात तिला गोडी होती. ४५० ला गिअर कमी करून जागं ठेवावं लागतं. त्यात स्प्लेंडरचे सगळे गिअर पुढे दाबून वर जायचे, आणि इथे पहिला खाली, बाकीचे पाच वर. डोळे नवं वाचन पटकन शिकतात. डावा पाय मात्र बरेच दिवस जुनीच आवृत्ती पाठ म्हणत राहतो.

समोरच्या गोल पडद्यावर नकाशाही दिसतो. नजर वर उचलून देणाऱ्या गाडीने तिला पुन्हा खाली ओढायची सोय कशाला करावी, हे मला कळलेलं नाही. आरे-वारेला चुकायला रस्ताच नाही.

उलट पायठाण्यांवर उभं राहिल्यावर जे दिसतं ते कुठल्याही पडद्याने दाखवलं नसतं. सीटच ८२५ मिलिमीटर उंच, त्यात माणूस उभा, म्हणजे जांभ्याच्या गडग्यापलीकडचं आगर दिसतं. पोफळी, नारळ, मिरीचे वेल, पाटाचं पाणी. इतकी वर्षं या मजकुराच्या मधोमध भिंत होती.

पावसाळ्यात मात्र हे सगळं रसग्रहण आवरतं घ्यावं लागतं. १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. ब्रेक कचकन दाबला तरी चाक बांधलं जात नाही आणि गाडी वळवता येते. पण झाडांच्या सावलीतलं शेवाळ आणि डोंगरावरून उतरलेली तांबडी माती यांना गाडीची किंमत कळत नाही. तिथे नजर पुन्हा १५ फुटांवर.

वाटेत चहाला थांबलं की प्रश्न एकच, “अ‍ॅव्हरेज किती देते?” मी तिशीच्या आसपासचा आकडा सांगतो. विचारणारा आपल्या स्प्लेंडरकडे एकदा बघतो आणि पुढे काही बोलत नाही.

अधूनमधून तीच जुनी गाडी घेऊन मीही निघतो. आता नजर तिच्यावरही वरच राहते, वळणाच्या टोकाशी. वळणं पूर्वीपेक्षा नीट जमतात. खड्डे सगळे लागतात.