'सली' : इंजिनात काय शिरले?

उचगावात आम्ही दोन-तीन शिक्षक महिन्यातून एकदा नववी ते बारावीच्या मुलामुलींना एखादा चित्रपट दाखवतो आणि नंतर त्यावर गप्पा मारतो. चित्रपट विज्ञानाचाच असावा असा नियम नाही. त्यात विचारण्याजोगा एक तरी प्रश्न असावा, एवढीच अट. या खेपेला 'सली' दाखवला. विमान हा आमच्या मुलांना परका विषय नाही. राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली सुरू झालेला उजळाईवाडीचा विमानतळ आमच्या शेजारीच आहे. विमान उतरायला लागले की वर्गात आमचे वाक्य अर्धे राहते आणि मुले खिडकीकडे बघतात.

'सली' हा क्लिंट ईस्टवुड यांनी दिग्दर्शित केलेला २०१६ सालचा चित्रपट. घटना १५ जानेवारी २००९ ची. न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावरून उडालेल्या एअरबस ए-३२० विमानावर दीड-दोन मिनिटांतच, सुमारे २,८०० फुटांवर, पक्ष्यांचा थवा आदळला. दोन्ही इंजिनांचा जोर गेला. कॅप्टन चेस्ली सलेनबर्गर आणि सहवैमानिक जेफ्री स्काइल्स यांनी विमान हडसन नदीच्या पाण्यावर उतरवले. आतले १५५ जण वाचले. पक्षी आदळल्यापासून पाण्याला टेकेपर्यंत साडेतीन मिनिटे गेली.

चित्रपट बांधेसूद आहे, हे आधी सांगितले पाहिजे. टॉम हँक्स यांचा सली मोठी भाषणे करत नाही. विमानातले प्रसंग तर उत्तमच. एक माणूस विमान हातात घेतो, दुसरा सूचनापुस्तिका उघडून क्रमाने एकेक गोष्ट करून पाहतो, दोघेही ओरडत नाहीत. संकटात माणसे कामाची वाटणी कशी करतात हे इतके स्वच्छ दाखवणारे चित्रपट थोडे असतात. हा भाग मुलांनी श्वास रोखून पाहिला. आम्हीसुद्धा.

आमची तक्रार आहे ती उरलेल्या भागाबद्दल. दोनशेआठ सेकंदांच्या घटनेवर दीड तासाचा चित्रपट काढायचा तर भांडण हवे. ते ईस्टवुड यांनी चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांशी लावून दिले आहे. वाहतूक सुरक्षा मंडळाचे लोक सुरुवातीपासून कपाळाला आठ्या घालून बसलेले. विमानाने पाठवलेल्या नोंदींवरून डावे इंजिन मंद का होईना चालू होते, असे त्यांचे म्हणणे. संगणकाच्या मते विमान परत विमानतळावर नेता आले असते. सली सांगतो, इंजिन बंद पडलेले मला जाणवले. पुढे सुनावणीत आभासी उड्डाणाच्या यंत्रावर विचार करायला लागणारे ३५ सेकंद धरले जातात, विमान कोसळते, नदीतून काढलेले डावे इंजिन मोडलेले असल्याचे कळते आणि सगळे खजील होतात. माणूस जिंकला, यंत्र हरले.

वस्तुस्थिती अशी नव्हती. ३५ सेकंदांचा उशीर धरून पाहण्याची चाचणी चौकशी मंडळाच्या स्वतःच्या अहवालात आहे. ताबडतोब वळण्याच्या १५ प्रयत्नांपैकी ८ यशस्वी झाले; पण पक्षी आदळताक्षणी वैमानिकाला सारे उमगले असे त्यात गृहीत धरलेले होते, आणि हे वास्तवाला धरून नाही असे अहवालानेच म्हटले. मे २०१० च्या त्या अहवालाने नदीवर उतरण्याचा निर्णय योग्य ठरवला. प्रत्यक्ष चौकशीत काम केलेल्यांनी चित्रपटातल्या आपल्या चित्रणाबद्दल नाराजी व्यक्त केली, यात नवल नाही. चित्रपटाला थोडी मोकळीक असते, हे आम्हालाही मान्य आहे. पण ही मोकळीक नेमकी कुठे घेतली ते पाहा. पुरावे गोळा करणारा, आकडे मागणारा, 'तुम्हाला जाणवले ते ठीक, पण इंजिन बघू या' असे म्हणणारा माणूस इथे खलनायक झाला. आम्ही वर्गात वर्षभर जे शिकवतो त्याच्या हे उलट आहे.

खेळ संपल्यावर नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, इंजिन नदीतून काढल्यावर कळलं. मग विमानातच का नाही कळलं?"

चित्रपटातला खरा प्रश्न हाच आहे, आणि तो हातात असताना दिग्दर्शकाने सोडून दिला आहे. डाव्या इंजिनात काय शिरले, किती शिरले, कुठपर्यंत गेले? चित्रपट याला सलीच्या अब्रूचा प्रश्न करतो. खरे तर तो मोजमापाचा प्रश्न आहे.

पक्षी दिसले नव्हते असे नाही. ते समोरच्या काचेत दिसले. पण त्यांनी आत काय केले ते दिसण्याचा मार्ग नव्हता. अशा इंजिनात पुढच्या मोठ्या पंख्याने ओढलेल्या हवेचा बहुतेक भाग बाहेरच्या बाजूने सरळ मागे जातो. गाभ्यात जाऊन दाबली जाणारी आणि इंधन जाळणारी हवा तिच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकीच. पक्षी कडेला लागला तर पंख्याची पाती वाकतील, पण इंजिन कदाचित रेटून नेईल. गाभ्यात गेला तर खेळ संपला. इथे गाभ्यात गेले होते. वैमानिकासमोरचे काटे इंजिनाचा वेग आणि तापमान दाखवतात. आतली पाती मोडली आहेत की नुसती आग विझली आहे, हे सांगत नाहीत. म्हणून स्काइल्स इंजिन पुन्हा चालू करण्याच्या सूचना वाचत राहिले. ती सूचनायादी खूप उंचावरच्या विमानासाठी बेतलेली होती आणि तिचा जेमतेम एक तृतीयांश भाग पुरा झाला. जे इंजिन चालू होणे शक्यच नव्हते, त्यावर साडेतीन मिनिटांतला मोलाचा वेळ गेला.

अहवालातल्या शिफारशींत एक अशी आहे : इंजिन अजून चालण्याच्या स्थितीत आहे की नाही, हे वैमानिकाला सांगणारे तंत्र पूर्ण विकसित करावे. म्हणजे ज्यांना चित्रपटाने यंत्राचे भक्त ठरवले, त्यांनीच यंत्र कुठे मुके आहे ते दाखवले. हे वाक्य पडद्यावर असते तर आम्ही त्याला टाळ्या दिल्या असत्या.

पक्ष्यांचा शोध कसा लागला, हेही चित्रपटात नाही. इंजिनात सापडलेली पिसे आणि ऊतींचे तुकडे स्मिथसोनियन संस्थेकडे गेले. पक्षी 'कॅनडा गूज' जातीचे निघाले. बदकापेक्षा बरेच मोठे, हंसाच्या कुळातले. डाव्या इंजिनात नर आणि मादी दोघांचे अवशेष मिळाले, म्हणजे तिथे किमान दोन पक्षी गेले. न्यूयॉर्कमध्ये या जातीचे पक्षी बारमाही राहतात, आणि उत्तरेकडून स्थलांतर करूनही येतात. हे कोणते? पावसाच्या पाण्यातले जड हायड्रोजनचे प्रमाण जागेनुसार बदलते आणि पीस जिथे वाढले तिथल्या पाण्याची खूण त्यात राहते. त्यावरून हे पक्षी कॅनडातल्या लॅब्राडोरकडून आलेले ठरले. याला व्यावहारिक अर्थ आहे. विमानतळाजवळचे स्थानिक पक्षी हटवून हा अपघात टळला नसता.

दहावीच्या मुलांकडून आम्ही एक हिशोब करून घेतला. या पक्ष्याचे वजन सुमारे ३.६ किलो, विमानाचा वेग ताशी सुमारे ४०० किलोमीटर. गतिज ऊर्जा निघते २२ हजार जूल. सिमेंटचे ५० किलोचे पोते ४५ मीटर उंचीवरून, म्हणजे पंधरा मजल्यांवरून पडावे तशी. पंख्याच्या पात्यांचा स्वतःचा वेग यात धरलेलाच नाही. या इंजिनाची मोठ्या पक्ष्याची चाचणी सुमारे १.८ किलोपर्यंतची होती, आणि तीतसुद्धा इंजिन चालत राहावे अशी अट नसते. न फुटता, पेट न घेता बंद पडले तरी ते उत्तीर्ण. हे ऐकून मुले जरा गप्प झाली.

पण पक्षी निदान डोळ्यांना दिसतो. आमच्याकडे हंगामात वाळत घातलेल्या कपड्यांवर साखर कारखान्याची काजळी पडते, फडात पाचट पेटते, शिरोलीला आणि गोकुळ शिरगावला फौंड्र्यांची बारीक वाळू आहे. अशी धूळ इंजिनात गेली तर कसे कळणार, असे मुलांनी विचारले. इतक्या विरळ धुळीने विमान पडत नाही. पाती हळूहळू झिजतात. दाट धूळ मात्र काय करते, याचे एक उदाहरण आहे. २४ जून १९८२ च्या रात्री ब्रिटिश एअरवेजचे जंबो जेट जावा बेटाजवळ गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरले आणि त्याची चारही इंजिने बंद पडली. राख गाभ्यात वितळून पात्यांना चिकटली होती. तरंगत खाली येताना ती थंड होऊन सुटली, इंजिने पुन्हा चालू झाली आणि विमान जाकार्ताला उतरले. समोरची काच मात्र वाळूने घासल्यासारखी धुरकट झाली होती.

विमानात हवामानाचे रडार होते, पण त्यावर काहीच दिसले नाही. कारण ते पावसाच्या थेंबांसाठी बनवलेले. तरंगलांबीपेक्षा पुष्कळ लहान कणांवरून परत येणारा प्रतिध्वनी कणाच्या व्यासाच्या सहाव्या घाताने बदलतो. थेंब २ मिलिमीटरचा आणि राखेचा कण त्याच्या शंभराव्या हिश्श्याचा धरला, तर एका कणाचा प्रतिध्वनी एक लाख कोटी पटींनी कमी. कण कितीही जास्त असले तरी ही तूट भरून निघत नाही.

तरीही त्या रात्री एक खूण होती. काचेवर आणि इंजिनांच्या तोंडाशी निळसर-पांढरा प्रकाश खेळत होता. राख घासल्याने विमानावर विद्युतभार साठला होता. वैमानिकांना त्याचा अर्थ लागला नाही, पण कण आपल्या येण्याची वर्दी देत होते. पुढे याच तत्त्वावर इंजिनाच्या तोंडाशी बसवायचे संवेदक तयार करून तपासले गेले. हवेतून घासत येणाऱ्या खडा, वाळू, धातूचा तुकडा यांवर थोडा तरी विद्युतभार असतो. तो जवळून गेला की धातूच्या पट्टीवर क्षणभर उलटा भार ओढला जातो. स्पर्श न होता नोंद होते.

हे वर्गात दाखवता येते. काचेची बरणी, तार आणि चॉकलेटच्या चांदीच्या दोन पट्ट्या घेऊन विद्युतदर्शी बनवा. वर पत्र्याचा डबा ठेवा. पीव्हीसीच्या हातभर पाइपमधून कोरडी बारीक वाळू डब्यात सोडा, पट्ट्या फाकतात. मग डब्याऐवजी तळ नसलेला पत्रा वळवून, वाळू त्याला न लागता मधून जाऊ द्या. वाळू मधून पडत असेपर्यंत पट्ट्या किंचित हलतात आणि मग मिटतात. हा दुसरा प्रयोग नाजूक आहे. आम्हाला तो पाचव्या खेपेला जमला. वाळू तव्यावर भाजून घ्यावी, आणि जून ते सप्टेंबर कोल्हापूरच्या हवेत याच्या वाटेला जाऊ नये.

सलीच्या विमानात असा संवेदक असता तर? पक्षी शिरल्याची नोंद झाली असती. गाभा मोडल्याचे त्याने एकट्याने सांगितले असते का, ते वेगळे. मुलांनी यावर बरेच भांडण केले. एकाचे म्हणणे, साडेतीन मिनिटांत आणखी एक दिवा लागला तर वैमानिक गोंधळेल. दुसऱ्याचे, निदान स्काइल्सने पुस्तिका मिटून पाण्यावर उतरण्याची तयारी केली असती. चित्रपटातली सुनावणी अशी झाली असती तर तो आम्हाला अधिक आवडला असता.

चित्रपट जरूर दाखवा. मात्र डाव्या इंजिनाचा वाद निघाला की तिथे थांबवा, आणि तुम्ही चौकशी मंडळात असता तर कोणता पुरावा मागितला असता, हे मुलांना लिहायला सांगा. आम्ही ते शेवटी विचारले. तोवर सगळे सलीच्या बाजूला गेले होते.

जाता जाता एक. १९३७ च्या विमान नियमांतील ९१ व्या नियमाने विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरे कापणे, सोलणे आणि पक्षी गोळा होतील असा कचरा टाकणे यांना मनाई केली. उचगाव या वर्तुळात येते. मुलांनी आता एक वही केली आहे. गावातल्या कोणत्या उकिरड्यावर सकाळी सात वाजता किती घारी आणि किती बगळे, याची रोजची नोंद तीत होते. रविवारी, मटणाच्या दुकानांमागे, घारींचा आकडा वाढतो.