न वसलेल्या गावाची कहाणी

घरबांधणीवरचा ग्रंथ वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकात परीक्षणास घ्यावा काय, असा प्रश्न आमच्या एका स्नेह्यांनी परवा केला. विटा, माती आणि मजुरीचे दर यांचा साहित्याशी संबंध काय, असा त्यांचा रोख होता. उत्तरादाखल आम्ही हसन फथी यांच्या ‘आर्किटेक्चर फॉर द पुअर’ या ग्रंथाची पहिली काही पाने त्यांस वाचावयास दिली. दुसऱ्या दिवशी ते सबंध ग्रंथच मागून घेऊन गेले. तो अद्याप परत आलेला नाही, आणि प्रस्तुत लेख आम्हांस आमच्या टिपणांवरून लिहावा लागत आहे!

ग्रंथ आजचा नव्हे. फथी हे ईजिप्तमधील स्थपती. जन्म 1900 सालचा, मृत्यू 1989 मध्ये. नाईल नदीच्या पश्चिम तीरावर, प्राचीन थीब्ज नगरीच्या परिसरात, त्यांनी 1945 ते 1948 या काळात नवे गुर्ना नावाचे गाव बांधावयास घेतले आणि ते अर्धवट सोडावे लागले. त्या उद्योगाची हकीकत त्यांनी लिहून काढली. ती 1969 मध्ये कैरोत ‘गुर्ना: दोन गावांची कथा’ अशा अर्थाच्या नावाने निघाली आणि 1973 मध्ये शिकागो विद्यापीठाने आज परिचित असलेल्या नावाने ती जगापुढे आणली. ग्रंथाचे पहिले नाव आम्हांस अधिक प्रामाणिक वाटते. दुसऱ्या नावात ‘गरीब’ या शब्दाला जे सार्वत्रिक रूप आले आहे ते विक्रीस सोयीचे असेल. परंतु या ग्रंथाचे सारे बळ तो एका विशिष्ट गावाविषयी, त्यातल्या विशिष्ट हट्टी माणसांविषयी आहे, यातच साठविलेले आहे.

प्रारंभ मोठा मनोवेधक आहे. अमाप पैसा हाती आला तर काय कराल, या बालपणीच्या प्रश्नाने लेखक सुरुवात करतो. त्याची उत्तरे दोन असत: एक, मित्रमंडळी आणि उत्तम वाद्यवृंद बरोबर घेऊन नौकेतून पृथ्वीपर्यटन करावे, दुसरे, शेतकऱ्यांनी आपल्या मनासारखे जीवन जगावे असे एक गाव बांधावे. हे ‘आपल्या मनासारखे’ शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पुढे त्यांचे काम पडणार आहे. घरच्या जमिनी असूनही लेखकाचे बालपण शहरातच गेले. वडिलांच्या लेखी खेडे म्हणजे माशा, डास आणि दूषित पाणी. मुलांनी तिकडे फिरकू नये. आईचे बालपण मात्र खेड्यात गेलेले, आणि तिच्या गोष्टींतले खेडे म्हणजे कोकरांच्या मागे धावण्याचा स्वर्ग. कळत्या वयात लेखक प्रत्यक्ष शेतावर गेला तेव्हा वडिलांचेच म्हणणे खरे निघाले. तरी आईचा स्वर्ग मनातून गेला नाही. हा प्रसंग अवघ्या काही परिच्छेदांचा आहे. पण एखाद्या कादंबरीकाराने हेवा करावा इतका तो बोलका आहे.

त्यानंतर येतो तो विटेचा शोध. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ईजिप्तमध्ये लोखंड आणि इमारती लाकूड मिळेनासे झाले. भिंती मातीच्या विटांनी उभारता येत. घोडे अडे ते छपराशी. फथी यांनी कमानी छते घालून पाहिली ती कोसळली. तेव्हा अस्वानच्या धरणावर काम केलेल्या त्यांच्या बंधूंनी सांगितले की, तिकडचे न्यूबियन लोक कसलाही आधार न देता असली छते घालतात. फथी तिकडे गेले आणि त्यांनी जे पाहिले त्याचे वर्णन ग्रंथातील सर्वोत्कृष्ट पानांत मोडते. दोन गवंडी, हाती केवळ वाकस. मागच्या भिंतीवर चिखलाने नजरेच्या अंदाजाने कमान रेखायची, भुसा जास्त घालून हलक्या केलेल्या विटा त्या भिंतीवर किंचित रेलतील अशा तिरप्या लावायच्या, आणि प्रत्येक थर मागच्या थरावर भार देत देत सबंध छत पुरे करायचे. लाकडाची एक फळी लागत नाही. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या ग्रंथांत जे फथी यांस सापडले नव्हते ते खेड्यातल्या निरक्षर कारागिराच्या हातात सापडले.

येथून गुर्ना. जुने गुर्ना वसले होते ते प्राचीन सरदारांच्या थडग्यांवर, आणि गावकऱ्यांच्या उपजीविकेचा मोठा भाग त्या थडग्यांतील वस्तू काढून विकण्यावर चाले. एका थडग्यातील कोरीव शिळाच नाहीशी झाली तेव्हा सरकारी पुराणवस्तुखात्याने गावच हलवावयाचे ठरविले. सुमारे 900 कुटुंबांसाठी नवे गाव आखण्याचे काम फथी यांजकडे आले. त्यांनी एकसारख्या घरांच्या रांगा मांडण्याचे नाकारले. नात्यागोत्याच्या कुटुंबांचे गट तसेच राखून प्रत्येक गटाला समाईक चौक दिला. मशीद, बाजार, शाळा, नाटकगृह यांची योजना केली. ठेकेदारास फाटा देऊन अस्वानचे गवंडी आणवले व त्यांच्या हाताखाली गुर्नातली मुले शिकावयास लावली. आणि तरीही गाव वसले नाही. कचेरीने भुश्याच्या पुरवठ्यापासून प्रत्येक गोष्टीत दिरंगाई केली, हे एक. आणि गावकऱ्यांस जायचेच नव्हते, हे दुसरे. कोणी बांध फोडून नव्या बांधकामात पाणी सोडण्यापर्यंत मजल गेली. योजलेल्यांपैकी थोडीशीच घरे उभी राहिली.

या अपयशाची चिकित्सा पुष्कळांनी केली आहे. चोरीचा धंदा सुटेल म्हणून लोक आले नाहीत, असे काही म्हणतात. घुमट हा त्या लोकांच्या मनात थडग्याशी जोडलेला असल्याने घुमटाखाली राहणे त्यांस रुचले नाही, असे दुसरे म्हणतात. दोन्हींत तथ्य असेल. आमच्या मते मात्र अपयशाचे बीज ग्रंथाच्या पहिल्याच पानावर आहे. शेतकऱ्याने ‘आपल्या मनासारखे’ जगावे, यातले मन कोणाचे? फथी यांनी घरोघरचा विचार घेण्याची प्रतिज्ञा केली, पण पुरुष मोकळे बोलत नसत आणि बायकांशी बोलण्याची सोय नव्हती. हे ते स्वतःच खेदपूर्वक नमूद करतात. म्हणजे जिने त्या घरात दिवसाचे सगळे तास काढावयाचे तिला विचारलेच गेले नाही. राहिले ते आईने सांगितलेले खेडे. लेखकाला हे पुरतेपणी उमगले होते काय? आम्हांस वाटते, अर्धेमुर्धे उमगले होते. कचेरीवर तो विलक्षण धारदार लिहितो. स्वतःवर लिहिताना लेखणी हळवी होते. तथापि स्वतःविरुद्धचा पुरावा त्याने वगळला नाही, आणि या जातीच्या ग्रंथांत तेवढे दुर्मीळ आहे.

रसिक वाचक परिशिष्टांकडे वळत नाहीत. आमची विनंती अशी की, येथे ती जरूर पाहावीत. किती गवंड्यांमागे किती मजूर, विटांच्या कामाचा दर काय, शिकाऊ मुलगा केव्हा स्वतंत्र काम करू लागतो, असले हिशेब तेथे आहेत. ग्रंथाचा खरा सिद्धांत तेथेच आहे. तो असा: गरिबाच्या घराला साह्य करावयाचे तर तयार घर देऊ नये, घर घडविण्याची शक्ती, म्हणजे जवळची सामग्री, जवळचा कारागीर आणि मालकाचा हात, ही पोसावी. तयार घरात गेलेला रुपया गावाबाहेर जातो. गवंडी तयार करण्यात गेलेला रुपया गावातच दुसरे, तिसरे घर उभे करतो.

हा सिद्धांत आपल्याकडे कसास लागलेला आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, किल्लारीच्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे 8,000 माणसे गेली. ती गेली ती बहुतांशी आपल्याच घराखाली. चिखलात रचलेल्या दगडांच्या जाड भिंती, वर पांढऱ्या मातीचे वर्षानुवर्षे चढलेले थर, अशी ती माळवदाची घरे होती. पुनर्वसनाचे दोन मार्ग निघाले. पार उद्ध्वस्त झालेली सुमारे पन्नास गावे नव्या जागी बांधून देण्यात आली; घराचे आकारमान जमीनधारणेवरून ठरले आणि सरळ रस्त्यांच्या चौकटीत घरे मांडली गेली. गल्ली, बोळ, वाड्याचे दार, ओट्यावरून ओट्याशी होणारे बोलणे, हे सर्व त्या चौकटीत हरवले. जेथे पडझड कमी होती अशा शेकडो गावांत मात्र हप्त्याने पैसे देऊन मालकानेच दुरुस्ती करावी असे ठरले, आणि गावोगावच्या महिला मंडळांतून संवाद साहाय्यक नेमण्यात आल्या. फथी यांस जिच्याशी बोलता आले नव्हते ती बाई येथे बँकेच्या पासबुकासह बांधकामापाशी उभी होती.

येथवर आमचा लेख फथी यांच्या सिद्धांताला अनुकूल चालला आहे, आता अडचण. दगडी भिंत पाडण्याची गरज नाही, तिच्या दोन्ही अंगांस सांधणारे लांब दगड घाला, वरून एक पट्टा बांधा, म्हणजे ती टिकेल, असे अभियंत्यांनी पुष्कळ सांगितले. पुष्कळ कुटुंबांनी ते मानले नाही. त्या पैशातून त्यांनी सिमेंटची एक लहानशी खोली बांधली. अनेकजण कित्येक वर्षे पत्र्याच्या खोपटात झोपले. ज्या भिंतीने पोर गिळले तिच्याखाली पुन्हा झोपावे, हे शास्त्राने सिद्ध केले तरी आईला पटत नाही. मालकाचा हात मानावयाचा तर त्या हातातली भीतीही मानावी लागते. फथी यांच्या ग्रंथात या भीतीला जागा नाही. सिमेंटकडे धावणारा शेतकरी त्यांस फसलेला वाटतो.

आणि आम्हां शहरवासीयांस? पुण्यामुंबईच्या सिमेंटच्या सदनिकेत बसून आजोळच्या शेणाने सारवलेल्या ओसरीचे गोडवे गाणारे ललित लेखन आमच्या मासिकांनी थोडे छापलेले नाही. ओसरीचा गारवा खरा. पण दरवर्षी पावसाळ्यापूर्वी माळवदाला माती कोण घालीत होते, गळक्या कोपऱ्यात भांडी कोण मांडीत होते, याची नोंद त्या लेखांत क्वचितच सापडते. फथींच्या मातोश्रींची कोकरे आमच्याही आंगणात बागडत असतात.

सरकारी घरकुलांचे धोरण आज निदान कागदावर या ग्रंथाच्या पुष्कळ जवळ आले आहे. 1985 पासून चाललेली इंदिरा आवास योजना 2016 मध्ये प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) या रूपात आली. घर किमान 25 चौरस मीटरचे, साह्य सपाट प्रदेशात 1,20,000 रुपये आणि डोंगराळ भागात 1,30,000 रुपये असे त्या वेळी ठरले, रक्कम हप्त्याने थेट खात्यात, ठेकेदारास मज्जाव, शिवाय ग्रामीण गवंड्यांच्या प्रशिक्षणाची तरतूद. फथी यांस 1945 साली जे कचेरीशी भांडून मिळाले नाही ते येथे नियम म्हणून लिहिलेले आहे. परंतु आम्ही मराठवाड्यातल्या एका गावी अशी चार-पाच घरकुले पाहिली. पाया झाला, छायाचित्र चढले, हप्ता आला. मग गवंडी मिळेना. गावातला जुना गवंडी म्हातारा झालेला, त्याचा मुलगा पुण्याला मोठ्या इमारतींवर फरश्या बसवीत आहे. भिंती चौकटीपर्यंत येऊन सहा महिने तशाच. शेजारीच, चार खांबांवर ताडपत्री घालून, चूल पेटलेली. घराच्या धनीणबाईंनी आम्हांस पासबुक दाखविले नाही, वाळूची पावती दाखविली. सगळ्यात जास्त रक्कम वाळूच्या वाहतुकीला लागली होती. सामग्री दूरची आणि कारागीर दूर गेलेला: हिशेब चुकला तो नेमका परिशिष्टातल्या त्या दोन ओळींत.

तालुक्याच्या लहान शहरांची गत थोडी निराळी. तेथे गवंडी आहे, वाळूचे दुकान आहे, पण पायाखालची जागा नावावर नाही. 2015 मध्ये निघालेल्या नागरी योजनेतही स्वतः बांधणाऱ्यास साह्याची सोय होती. मात्र ते घेण्यास जागेचा कागद लागतो, आणि तीन पिढ्या त्याच जागी राहिलेल्या कुटुंबाजवळ अनेकदा घरपट्टीच्या पावतीखेरीज काही नसते. या प्रश्नावर फथी यांचा ग्रंथ मुका आहे. त्यांस जमीन सरकारने विकत घेऊन दिली होती.

गुर्नाचे पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. जुन्या गुर्नातील घरे 2006 च्या अखेरीपासून सरकारने पाडावयास घेतली आणि लोकांस अन्यत्र हलविले. ते फथींच्या गावी गेले नाहीत. नव्या गुर्नात कालांतराने दुसरी कुटुंबे येऊन राहिली. जमिनीतून वर चढणाऱ्या ओलीने मातीच्या भिंती खचू लागल्या, तेव्हा पुष्कळांनी त्या पाडून भाजक्या विटांची व काँक्रीटची मजल्यांची घरे उठविली, मुलगा लग्नाचा झाला की वर एक मजला. परदेशांतून येणारे स्थापत्यप्रेमी ते पाहून हळहळतात. मशीद मात्र मातीचीच राहिली, आणि ती वापरात आहे.